पहिला जिवंत देवमासा

ऑलिव्हची बी दाताखाली कडकन वाजली, आणि नेमकी तेव्हाच रायेन म्हणाली, "ताता, तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही तुला देवमासे दाखवायला नेणार आहोत." दुखलं ते दातात की आणखी कुठे, हे ओस्वाल्दोला पटकन कळेना. एम्पानादाच्या, भट्टीत भाजलेल्या त्या खारट करंजीच्या, सारणात एक ऑलिव्ह असतं आणि ते बीसकट असतं, हे काय त्याला आज नव्यानं कळत होतं? जन्मभर दर रविवारी तो ती खात आला होता. पण नात मागून येऊन ताटाखाली एक पाकीट सरकवत होती, पाकिटातून एक रंगीत कागद अर्धा बाहेर आला होता, आणि त्या कागदावर निळ्या पाण्यातून वर आलेली काळी, दुभंगलेली शेपूट होती. त्यानं बी हळूच हातात काढली. तिला थोडं रक्त लागलं होतं. "बाबा, तोंड का असं केलंत?" समोरून मिरेया म्हणाली. लेकीचं लक्ष नेहमीच त्याच्या तोंडाकडे असायचं, त्याची बायको एल्बा गेल्यापासून जास्तच. "बी लागली," तो म्हणाला. "बघ, आनंदानं दात पडला म्हाताऱ्याचा," रायेन हसली, "पहिल्या पगारातून आणलंय हं ताता, नाही म्हणायचं नाही. आईला पन्नाशीला नुसता केक दिला होता. तुला ऐंशीला देवमासा. नव्वदीला विमानातून उडी." ती बंदरात क्रेन चालवायची. चाळीस मीटर उंच काचेच्या खोपट्यात बसून दिवसभर जहाजांवरचे कंटेनर उचलायची, आणि घरी आली की अजून वरच असल्यासारखी मोठ्यानं बोलायची. टेबलावर टेकवलेल्या तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक छोटा देवमासा गोंदलेला होता. दोन वर्षांपूर्वी तिनं तो गोंदवून आणला तेव्हा घरात थोडी भांडणं झाली होती. मिरेया म्हणाली होती, कातडीवर चित्रं काढायला तू काय खलाशी आहेस? त्या चित्रातला पंख चुकीच्या जागी आहे, आणखी मागे हवा, एवढं फक्त ओस्वाल्दोच्या मनात आलं होतं. "छान," तो आता म्हणाला. "छान आहे." आणि पाकीट त्यानं खिशात ठेवलं.

मिरेयाच्या सातव्या मजल्यावरच्या घरातून त्याच्या टेकडीवरच्या दोन खोल्यांकडे चालत जायला अर्धा तास लागायचा. ज्या वाल्पाराइसोत छत्तीस वर्षं त्यानं ट्रॉलीबस चालवली होती त्या शहराचा चढ न् चढ त्याच्या पायांना पाठ होता, पण आज एका वळणावर तो थांबला आणि दोन्ही तळहात नाकाशी नेऊन हुंगू लागला. एक बाई पिशव्या घेऊन खाली येत होती, ती त्याच्याकडे पाहत गेली. हातांना कांद्याचा आणि साबणाचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. साठ वर्षं दुसरा वास नव्हता. तरी तो हुंगत राहिला. त्या वासाला नाव नव्हतं. तेव्हा सगळे त्याला नुसतं 'तो' म्हणायचे. 'त्यो येतोय,' म्हणायचे, आणि दारं लावून घ्यायचे. शनिवारी कारखान्यातली पोरं अंघोळी करून, केसांना तेल थापून बसनं गावात नाचायला यायची तेव्हा आजूबाजूच्या जागा आपोआप रिकाम्या व्हायच्या. कुणी काही बोलायचं नाही, फक्त खिडक्या उघडायचे. नाचाला गेलं तर मुली बाकावर बसून पंखे हलवत राहायच्या. एल्बानं पहिल्यांदा त्याच्याबरोबर नाच केला तो एका पैजेखातर, मैत्रिणींनी डिवचलं म्हणून. नाच संपल्यावर ती म्हणाली होती, "तुम्ही खाली दगडांवर काय करता हो, मेलेल्यांना जागवता का?" पुढच्या शनिवारी तिनं पर्समधून लिंबाच्या फोडी आणल्या आणि हॉलच्या मागच्या नळावर त्याचे हात कोपरापर्यंत चोळून धुतले. लिंबानं वास गेला नाही. पण कोपरापर्यंत कुणीतरी हात चोळलेत, हेच तोवर त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

शहराच्या दक्षिणेला, खडकांच्या एका बेचक्यात तो देवमाशांचा कारखाना होता. सोळाव्या वर्षी ओस्वाल्दो तिथं सुऱ्यांना धार लावायला लागला आणि सतराव्या वर्षी त्याच्या हातात स्वतःचा सुरा आला. दांडा माणसाइतका लांब, पातं पुढे वळलेलं. बुटांच्या तळाला खिळे असायचे, नाहीतर देवमाशाच्या गुळगुळीत अंगावर उभं राहता येत नसे. समुद्रातून वर आलेल्या लाकडी उतारावर वाफेचं रहाट कुरकुरत एकेक धूड शेपटीकडून ओढून घ्यायचं, आणि मग दहा-बारा माणसं त्याच्यावर चढायची, गवंडी भिंतीवर चढतात तशी, गप्पा मारत, थुंकत, एकमेकांना शिव्या देत. एका धुडाला चार तास. चरबीच्या लांब पट्ट्या सोलल्या जाताना ओल्या कापडासारखा आवाज यायचा. त्याला सगळं ठाऊक झालं होतं. जबड्यात दातांच्या जागी असलेल्या झालरी कुठून सुटतात, डोळा किती छोटा असतो, कवटीच्या मागे पातं कुठं घातलं की डोकं अलगद वेगळं होतं. चार हंगामांत किती झाले ते त्यानं कधी मोजलं नाही. मोजणारा माणूस वेगळा असायचा, चष्मा लावून लांब उभा. ओस्वाल्दोला फक्त एक गोष्ट आठवत होती, आणि इतक्या वर्षांत ती त्यानं स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती: त्यानं एकही जिवंत पाहिला नव्हता. शिकारी बोटी लांब जायच्या, परत यायच्या तेव्हा ती धुडं त्यांच्या कडेला बांधलेली असायची, पोटात हवा भरून फुगवलेली. रहाटाच्या दोराला लागण्याआधी ती काय होती, कशी हलायची, पाण्यातून वर आली की काय करायची, हे उतारावरच्या एकालाही माहीत नव्हतं. गवंड्याला विटेची माती कुठून येते हे माहीत नसतं, तसं. तो आतून सगळं ओळखत होता. बाहेरून काहीच नाही.

पाकीट त्यानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, केटलीखाली ठेवलं. पुढचे दहा दिवस सकाळी चहा करताना ते तिथं असायचं आणि तो केटली उचलून पुन्हा त्याच्यावरच ठेवायचा, त्यामुळे कागदावर एकात एक अशी पाण्याची वर्तुळं उमटली. एकदा त्यानं मिरेयाला फोन केला. "गुडघा धरलाय गं. होडीत चढउतार नाही जमायची." "परवा तर तुम्ही चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून भाजी आणलीत. शेजारच्या बाईंनी सांगितलं मला." "शेजारीण काय माझ्या गुडघ्यात राहते?" "बाबा." मिरेयाचा आवाज खाली आला. "पोरीनं सुट्टी मागून घेतलीय. पाळ्या बदलून घेतल्यात. तिला हे किती दिवसांपासून करायचं होतं तुम्हांला माहीत नाही. लहानपणापासून तिचं ते वेड, आणि ते तिला तुम्हांलाच दाखवायचंय. मला नाही. तुम्हांला." ट्रॉलीबसच्या तारेवर ठिणगी उडावी तसं काहीतरी डोक्यात उडून गेलं. रायेन सात वर्षांची होती. शाळेतून पुठ्ठ्याचा देवमासा करून आणला होता, ओला, निळा रंग हातांना लागणारा. तो इस्त्रीची वायर जोडत होता. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ताता, बाई म्हणाल्या, माणसांनी हे सगळे मारून टाकले. का मारले?" आणि वायरवरची नजर न काढता तो म्हणाला होता, "माणसं मूर्ख असतात, बाळ." माणसं. एल्बा दारात उभी होती, हातात कपड्यांची टोपली. तिनं ऐकलं. त्या संध्याकाळी ती फक्त म्हणाली, "आता कशाला सांगतोस? तेव्हा वासाची लाज होती, आता ह्याची. मिरेयाला मी सार्डिनच्या डब्यांचा कारखाना म्हणून सांगितलंय. तसंच राहू दे." तसंच राहिलं. एल्बा गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली होती, आणि ती गेल्यावर ही गोष्ट माहीत असणारा पृथ्वीवर तो एकटाच उरला होता.

आणि ते दूध. ते एल्बालाही माहीत नव्हतं. दुसऱ्या हंगामातली एक सकाळ होती, निळी मादी होती, लांबीला पंचवीस मीटरच्या आसपास. पोटाच्या बाजूनं त्यानं पातं ओढत नेलं आणि आतून जाडसर, पिवळट पांढरं काहीतरी लाकडांवर पसरत आलं. चरबी वितळली असेल असं त्याला वाटलं. पण ते कोमट होतं. ते बुटांच्या वरून आत शिरलं, मोज्यांत शिरलं, बोटांच्या बेचक्यांत शिरलं, आणि बाहेर एवढी थंडी असताना पाय एकदम उबदार झाले. अंगाला बरं वाटलं. हेच तो विसरू शकत नव्हता, की त्याला बरं वाटलं होतं. शेजारी म्हातारा लिसान्द्रो पात्याला रेटा देत होता. तो खाली बघून म्हणाला, "दूध आहे ते." मुकादम वरून ओरडला, "धुवा रे ते, माणसं घसरतील." मग पाण्याची नळी आली. बस, एवढंच झालं. कुणी थांबलं नाही, कुणी टोपी काढली नाही, लिसान्द्रो स्वतःच्या बायकोच्या दाढदुखीबद्दल बोलत होता तो पुढे बोलत राहिला. त्या दुपारी भाकरी खाताना मात्र ओस्वाल्दोला पहिल्यांदा समुद्राकडे बघताना वाटलं होतं की तिकडे कुठेतरी कुणीतरी भुकेलं आहे. तिचं ते पिल्लू जगलं नसणार, हे त्याला तेव्हाही कळत होतं. बूट वाळायला दोन दिवस लागले.

वाढदिवस फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आला. मिरेयानं गाडी चालवली, दिवसभर उत्तरेकडे, डावीकडे समुद्र आणि उजवीकडे उजाड, तांबूस डोंगर. मच्छीमारांच्या एका वाडीत त्यांनी लाकडी खोली घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला किनाऱ्यावर धुकं इतकं खाली उतरलं होतं की धक्क्याला बांधलेल्या होड्यांचे नुसते रंग दिसत होते, आकार नाही. रायेननं त्याला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले, मागून एक जादा पट्टा लोंबत होता तो तसाच राहिला. "घट्ट झालं का?" "श्वास घेता येतोय अजून." "मग सैल आहे," असं म्हणत तिनं आणखी आवळलं. होडीचा तांडेल येर्को नावाचा, चाळिशीचा, उन्हानं ओठ फुटलेला माणूस होता. बापजाद्यांपासून मासेमारी, आता हंगामात पर्यटक. होडीत आणखी सहाजण होते. रायेननं येर्कोच्या कानात काहीतरी सांगितलं असावं, कारण इंजिन सुरू करण्याआधी तो मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, आज आपल्याबरोबर एक ऐंशी वर्षांचं पिल्लू आहे," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं, एका जाड बाईनं तर ओस्वाल्दोच्या गालाचा मुका घेतला. तो हसला.

बेटापाशी पोचेपर्यंत धुकं विरलं. खडकांवर समुद्रसिंह पडले होते, ओल्या पोत्यांसारखे, आणि एकमेकांवर भुंकत होते. पेंग्विन बावळटासारखे एका रांगेत पाण्याच्या कडेपर्यंत यायचे, थबकायचे, जणू काहीतरी घरी विसरून आलेत, आणि परत फिरायचे. सगळे हसत होते, फोटो काढत होते. ओस्वाल्दोलाही आवडत होतं, खरंच आवडत होतं. ऊन पाठीवर होतं आणि पाण्याला फक्त पाण्याचाच वास होता. हे एवढंच दाखवून ह्यांनी होडी वळवली तर किती बरं, असं त्याच्या मनात आलं. पण येर्कोनं होडी उघड्या समुद्राकडे वळवली होती, आणि एकीकडे क्षितिजावर डोळे ठेवून तो नेहमीचं सांगत होता: देवमासा किती लांब असतो, किती टन असतो, जीभ हत्तीएवढी. "आणि हृदय," तो म्हणाला, "मोटारगाडीएवढं. त्याच्या रक्तवाहिनीतून माणूस पोहत जाईल, बोला."

"नाही," ओस्वाल्दो म्हणाला.

तो काही बोलणार नव्हता. ते तोंडातून निसटलं, ट्रॉलीबस चालवताना कुणी चुकीचा थांबा सांगितला की निसटायचं तसं. येर्को वळून हसला. "नाही कसं आजोबा? पुस्तकात आहे." "पोहत नाही जात माणूस. हात जातो. खांद्यापर्यंत." त्यानं स्वतःच्याही नकळत उजवा हात पुढे करून दाखवला, बोटं जुळवलेली, कोपर सरळ. "आणि हृदय गाडीएवढं नसतं. एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला तर जेवढा होईल, तेवढं." कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं, कारण तो हात तसाच हवेत राहिला होता. रायेन त्याच्या शेजारीच बसली होती. "ताता, तुला कसं माहीत?" तिनं सहज विचारलं, अजून हसऱ्या आवाजात. आता काहीही सांगता आलं असतं. टीव्हीवर पाहिलं, म्हणता आलं असतं. एल्बानं तेच सांगितलं असतं. पण पोरीच्या मनगटावरचा तो चुकलेला पंख समोर होता, आणि ऐंशी वर्षांचा माणूस आणखी किती दिवस सार्डिन भरत बसणार? "घातलाय मी," तो म्हणाला. "हात. पुष्कळदा. चार हंगाम कापायचं काम केलं मी कारखान्यात. लग्नाच्या आधी."

इंजिन मंद चालत होतं. पहिली बोलली ती मिरेया. "आई म्हणायची सार्डिनचा कारखाना." "हो." "तिला माहीत होतं?" "तिला होतं." "म्हणजे मलाच नव्हतं," मिरेया म्हणाली आणि हातातला रुमाल उलगडून पुन्हा घडी करू लागली. रायेन त्याच्याकडे पाहत होती, चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मग एकदम म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. मला आठवतंय. मी तुला विचारलं होतं आणि तू म्हणालास माणसं मूर्ख असतात." "म्हणालो होतो." "माणसं, म्हणालास." ती उठली, वाकून, आधार घेत होडीच्या पुढच्या टोकाला गेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. जाड बाई दुसरीकडे बघू लागली. ज्या जागेवरून रायेन उठली ती जागा रिकामी राहिली. त्या जागेकडे बघताना त्याला बसमधल्या रिकाम्या होत जाणाऱ्या जागा आठवल्या. तेव्हा लोक वासापासून उठून जायचे. ही त्याच्यापासून उठून गेली होती.

येर्को सुकाणू धरून उभा होता. कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात तो म्हणाला, "माझा बाप ह्याच पाण्यात जन्मभर जाळी टाकत होता. उभ्या आयुष्यात त्याला तीन दिसले. तीन. मी मात्र नशीब चांगलं असलं तर एका सकाळी तीन दाखवतो." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ओस्वाल्दोनं मान हलवली. तीन, त्याच्या मनात आलं, म्हणजे आमची एका दिवसाची पाळी.

आणि मग येर्कोनं इंजिन बंद केलं.

आधी काहीच नव्हतं. होडीच्या कडांवर पाणी चुबकचुबक करत होतं. कोणीतरी खोकलं. डावीकडे, अगदी जवळ, पाण्याचा रंग बदलू लागला. हिरव्याखाली फिकट निळा, जणू खालून कुणी दिवा वर आणतंय, आणि तो फिकटपणा लांबत गेला, लांबत गेला, होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि तिच्याही पलीकडे, आणि तरी त्याचा शेवट दिसेना. हा आकार ओस्वाल्दोला माहीत होता, ह्याच्या पाठीवर तो खिळ्यांचे बूट घालून चालला होता. पण तो आकार नेहमी पसरलेला असायचा, स्वतःच्याच वजनानं चेपलेला, एका बाजूला कललेला. हा चेपलेला नव्हता. ह्याला वजनच नव्हतं. मग पाणी फाटलं आणि श्वास आला. आवाज त्यानं कल्पनेतही ऐकला नव्हता: प्रचंड, पोकळ, एखाद्या देवळाचं दार एका झटक्यात उघडावं आणि आतली सगळी हवा बाहेर यावी तसा. फवारा उंच, सरळ उभा राहिला, क्षणभर उन्हात सप्तरंगी झाला आणि वाऱ्यानं त्यांच्या अंगावर येऊन पडला. चेहऱ्यावर, ओठांवर, चष्म्यावर बारीक, कोमट पाणी. त्यात एक वास होता. ओस्वाल्दोनं डोळे मिटले, अंग आखडून घेतलं, तो वास आता ओळखू येणार म्हणून. आला नाही. हा दुसरा होता. उग्र होता, माशांचा होता, ओलसर होता, पण कुजका नव्हता; कुणीतरी नुकतंच जेवून तोंडाजवळ बोलावं तसा, कुणाच्यातरी आतून आलेला. कुणाच्यातरी. त्यानं डोळे उघडले. जिथं कवटीच्या मागे पातं घालायचं ती जागा त्याच्यापासून चार वावांवर होती, आणि तिच्या जरा पुढे दोन मोठाल्या नाकपुड्या मिटत होत्या. मिटत होत्या! त्या मिटतात हे त्याला माहीत नव्हतं. उतारावर त्या नेहमी उघड्या, सैल, चिखलानं भरलेल्या असायच्या. इथं त्या ओठांसारख्या जुळल्या, घट्ट, नीटनेटक्या, आणि पाठ वळत गेली. एक पाठ, मग आणखी पाठ, मग आणखी, इतका वेळ की हसू येईल, आणि हसू आलंच नाही कुणाला, मागे त्या एवढ्याशा पंखाचा कोपरा निघाला आणि बुडाला. होडी जराशी वर उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. एवढंच. त्यानं होडीला काही केलं नाही. एका मोठ्या माणसानं गर्दीतून जाताना मुलाच्या खांद्याला हात लावून त्याला बाजूला करावं, तसं.

चार वेळा तो वर आला. चारही वेळा श्वास. ओस्वाल्दोला वाटलं आपणही तसंच थांबून थांबून श्वास घेतोय. चौथ्या वेळी पाठीची कमान जास्त उंच झाली आणि शेपूट वर निघाली, अख्खी, पाणी गाळत, सावकाश. ह्याच शेपटीला दोर बांधायचे. ती उभी राहिली, वळली आणि आवाज न करता आत गेली. जिथं गेली तिथं पाण्यावर एक गुळगुळीत, तेलकट गोल उरला आणि बराच वेळ तो पुसला गेला नाही. होडीत सगळे एकाच वेळी बोलू लागले. जाड बाई रडत होती आणि हसत होती. मिरेया तोंडावर रुमाल धरून बसली होती, तिनं हात लांब करून बापाच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. "आता दहा-बारा मिनिटं," येर्को म्हणाला. "खाली जेवायला गेलाय. इंजिन लावत नाही मी, थांबूया."

ओस्वाल्दो उभा राहिला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. बसून राहता येईना, एवढंच खरं. त्यानं टोपी काढून हातात घेतली. होडी डुलत होती. "आजोबा, बसून घ्या, उभं राहायचं नाही," येर्को म्हणाला. तो बसला नाही. "आजोबा!" मग पुढच्या टोकाकडून कुणीतरी बाकांवरून पाय टाकत आलं. रायेननं त्याच्या मागे येऊन लाइफ जॅकेटचा तो लोंबणारा पट्टा पकडला, हाताला वेढा देऊन. तिचे केस फवाऱ्यानं ओले होते. "खाली बस, ताता." "नाही बसत." "पडशील." "पडू दे." तिनं पट्टा सोडला नाही. मग तिनं अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "तेव्हा तुला वाईट वाटायचं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला हो हवं होतं, हे तिच्या आवाजातच होतं. हो म्हटलं असतं तर ती पुन्हा शेजारी येऊन बसली असती. त्यानं पाण्याकडे पाहत उत्तर शोधलं, सगळीकडे शोधलं, उतारावर, बॉयलरच्या धुरात, बुटांत. "नाही," तो म्हणाला. "तेव्हा नाही वाटायचं. दमायला व्हायचं. भूक लागायची. सोळा-सतरा वर्षांचा होतो, पोटभर खायला मिळत होतं. एकदा थोडं वाटलं होतं. एकदाच. ते मी तुला सांगेन, आज नाही." पट्टा आवळला गेला की सैल झाला, ते जॅकेटच्या जाडीतून कळत नव्हतं. "आणि आता?" ती म्हणाली.

आता. त्याच्या छातीत एवढं काही दाटलं होतं की त्यातला कुठला भाग लाज, कुठला दुःख आणि कुठला निव्वळ आनंद हे वेगळं करायला त्याच्याजवळ सुरा नव्हता. ऐंशी वर्षांचा झालो आणि आज पहिल्यांदा पाहिला, एवढंच त्याला म्हणायचं होतं. एवढे हातांखालून गेले आणि हा पहिला. उजवीकडे लांबवर पाणी सपाट होतं. मग एका जागी ते सपाट राहिलं नाही. तो पाहण्याआधी त्याला ऐकू आलं, तेच दार उघडल्याचा तोच पोकळ, प्रचंड आवाज, आणि उन्हात उभा राहिलेला तो पांढरा खांब.

"आता विचारू नकोस गं," ओस्वाल्दो म्हणाला. "बघू दे मला."

रायेननं पट्ट्याला आणखी एक वेढा दिला आणि पाय फाकवून त्याच्यामागे भक्कम उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली.